तिला कोणी विचारलं का?

२०१७ चा उन्हाळा. माझ्या मोठ्या जाऊबाईंना घेऊन आम्ही घरचे एका मोठ्या शहरातल्या इस्पितळात गेलो होतो. सहा महिन्यांचा खोकला. आधी साधी औषधं झाली, मग टीबी समजून गोळ्या झाल्या, मग छातीत पाणी भरलं म्हणून पाणी काढलं, आणि शेवटी तपासणीत निघाला तो फुप्फुसाचा कर्करोग. तोही पुढच्या टप्प्यातला. जाऊबाईंनी जन्मात कधी बिडी ओढली नव्हती. चूल मात्र चाळीस वर्षं फुंकली होती.

डॉक्टरांनी माझ्या दिरांना आणि यजमानांना आत बोलावलं. घरात शिकलेली म्हणून मीही गेले. डॉक्टर म्हणाले, ''आमच्याकडे एक चाचणी सुरू आहे. काही पेशंटना नेहमीचं औषध आणि काहींना त्याच्या जोडीला आणखी औषध. तुमची इच्छा असेल तर...'' त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी म्हटलं, ''डॉक्टरसाहेब, आम्ही खेड्यातले असू, पण प्रयोगाचे उंदीर नाही.'' दिरांनी मान हलवली. विषय संपला.

औषध कोणतं, कशासाठी, त्यात धोका काय, एकही प्रश्न मी विचारला नाही. आणि जिच्या जिवाचा प्रश्न होता ती बाहेर बाकड्यावर मांडीत पिशवी घेऊन बसली होती. तिला आम्ही सांगितलं, 'फुप्फुसात सूज आहे.'

नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या. जाऊबाईंना उतार पडला, त्या पुन्हा अंगणात सडा टाकू लागल्या. एक दिवाळी निघाली, एक पोळा निघाला. मग आजार उलटला आणि त्या गेल्या. जाण्याआधी एका रात्री मी पाय चेपत बसले असताना त्या हळूच म्हणाल्या, ''मले कोनी इचारलंच नाही वो. चवथी पास आहो मी. दवाखान्याची पाटी मले वाचता येते.''

मैत्रिणींनो, ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. ही जुनी गोष्ट आज सांगायचं कारण असं, की गेल्या काही वर्षांत याच आजारावर, याच 'जोडीच्या औषधां'वर मोठे निकाल आले आहेत. त्यांतला एक फार महत्त्वाचा निकाल आपल्या मुंबईतूनच आला. बातमी वर्तमानपत्रात चार ओळींत येऊन जाते. आपण ती वाचून पान उलटतो. पण ही बातमी आपल्या घरात कधी येऊन उभी राहील याचा नेम नसतो.

एकापेक्षा जास्त औषधं एकदम का देतात, हे कळायला टीबी पुरेसा आहे. आपल्या गावात टीबीच्या गोळ्या कोणी ना कोणी घेतलेल्या असतातच. त्या चार प्रकारच्या का असतात? १९४८ साली ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिन या एकट्या औषधाच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. पेशंट आधी झपाट्याने सुधारले, पण पुढे बऱ्याच जणांवर ते औषध चालेनासं झालं. जे जंतू त्या औषधाला पुरून उरले तेच वाढत गेले. मग दुसरं औषध जोडीला दिलं, तेव्हा कुठे आजार आटोक्यात राहू लागला. धानाच्या बांधीत एकदाच निंदण काढलं तर उरलेलं गवत पुन्हा माजतं, तसंच हे. कर्करोगाच्या पेशींचंही असंच होतं. एका औषधाला त्या सरावतात. म्हणून जोडी.

पण जोडी म्हटली की ती चांगलीच, असंही नाही. फुप्फुसाच्या कर्करोगावर २००२ च्या सुमारास गेफिटिनिब नावाची गोळी आली. मोठी आशा होती. ही गोळी आणि केमो, म्हणजे सलाईनमधून देतात ती औषधं, एकत्र द्यावीत म्हणून परदेशात दोन मोठ्या चाचण्या झाल्या. प्रत्येकीत हजारावर पेशंट होते. २००४ साली निकाल आला तो निराशेचा. गोळी जोडल्याने पेशंटचं आयुष्य काही वाढलं नाही.

असं का झालं, त्याचं उत्तर त्याच वर्षी मिळू लागलं. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना आढळलं, की काही पेशंटच्या कर्करोगात ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल झालेला असतो, आणि ही गोळी मुख्यतः त्यांनाच लागू पडते. सरसकट सगळ्यांना दिली म्हणून फायदा दिसला नाही. कुलूप न पाहताच किल्ली फिरवत बसल्यासारखं ते झालं. पुढे २००९ साली आशियातल्या बाराशेवर पेशंटच्या चाचणीतून हे पक्कं झालं. जनुकात बदल असेल तर केमोपेक्षा गोळी सरस, नसेल तर गोळीपेक्षा केमो सरस.

आता आपल्या बायकांनी इथे कान द्यावा. हा जनुकातला बदल कोणात जास्त सापडतो? ज्यांनी कधी बिडी-सिगारेट ओढली नाही अशांत, बायकांत, आणि आपल्या आशिया खंडातल्या लोकांत. म्हणजे 'ती तर कधी बिडीला शिवली नाही, तिला कसला कर्करोग' असं म्हणून ज्यांचा खोकला आपण अंगावर काढतो, त्याच बायका. चुलीच्या धुराबद्दलही आता बोललं जातं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने घरात जळणाऱ्या दगडी कोळशाचा धूर कर्करोगाचं कारण म्हणून नक्की केला आहे आणि लाकडाचा धूर 'बहुधा कारण' अशा यादीत ठेवला आहे. जाऊबाईंना चुलीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, एका माणसाबद्दल तसं सांगता येत नाही. पण २०१६ पासून उज्ज्वला योजनेत घरोघर गॅस आला, तरी सिलिंडर महाग म्हणून अर्धा स्वयंपाक चुलीवरच होतो, हे आपण सिहोऱ्यात रोज पाहतो.

मुंबईची चाचणी म्हणतात ती ही. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. विदर्भातून किती माणसं तिथे जातात हे तुम्हाला सांगायला नको. तिथले डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ ते २०१८ या काळात ३५० पेशंट घेतले. सगळ्यांचा आजार पुढच्या टप्प्यातला आणि सगळ्यांच्या जनुकात तो बदल. निम्म्यांना नुसती गेफिटिनिबची गोळी. निम्म्यांना गोळी आणि सोबत पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही दोन केमोची औषधं, तीन-तीन आठवड्यांनी चार वेळा, आणि त्यानंतर गोळीच्या जोडीला पेमेट्रेक्सेड चालूच. यातलं एकही औषध नवं नव्हतं. तिन्ही आपल्या देशात आधीपासून मिळणारी. नवी होती ती फक्त जोडणी.

कोणाला काय द्यायचं हे कोणी ठरवलं? मला वाटायचं, डॉक्टर आपल्या मर्जीने ठरवत असतील, ओळखीच्यांना चांगलं आणि आपल्यासारख्यांना उरलेलं. तसं नसतं. आपल्या भिशीत चिठ्ठ्या टाकतो ना, तसं. फरक इतकाच, की तिथे चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो. डॉक्टरांनी ठरवलं असतं तर धडधाकट पेशंटना जोडीची औषधं मिळाली असती आणि खंगलेल्यांना नुसती गोळी. मग निकाल औषधाचा की पेशंटच्या अंगातल्या ताकदीचा, हे कसं कळणार? चिठ्ठीमुळे दोन्ही बाजूंना सारखीच माणसं येतात. आणि ज्यांना नुसती गोळी मिळाली त्यांच्यावर अन्याय झाला असंही नाही, कारण त्या वेळी नुसती गोळी हाच मान्य उपचार होता. मी ज्याला 'उंदीर' म्हटलं, त्याचा अर्थ हा होता, आणि तो मला ठाऊक नव्हता.

निकाल २०१९ साली अमेरिकेत, शिकागोच्या जागतिक परिषदेत डॉ. नोरोन्हा यांनी मांडला. नुसत्या गोळीवर आजार पुन्हा वाढायला लागेपर्यंत ८ महिने गेले. जोडीच्या औषधांवर १६ महिने. म्हणजे दुप्पट. हे मधल्या पेशंटचे आकडे, निम्म्यांना याहून जास्त काळ मिळाला आणि निम्म्यांना कमी. आयुष्याचं म्हणाल तर नुसत्या गोळीवरचे निम्मे पेशंट १७ महिन्यांत गेले होते. जोडीची औषधं घेतलेल्यांत निम्म्याहून अधिक जण निकाल मांडला तेव्हा हयात होते.

पण नाण्याची दुसरी बाजूही त्यांनी लपवली नाही. ज्या त्रासाची गंभीर म्हणून नोंद करावी लागते तो नुसत्या गोळीवर शंभरात २५ जणांना झाला, जोडीच्या औषधांवर शंभरात ५१ जणांना. रक्त कमी होणं, पांढऱ्या पेशी घटणं, अंगात त्राण न राहणं. म्हणजे काळ दुप्पट आणि त्रासही दुप्पट. शिवाय १६ महिने म्हणजे बरं होणं नव्हे. पुढच्या टप्प्यातला हा आजार सहसा मुळातून जात नाही, त्याला थोपवून धरतात. कोणी 'पूर्ण बरं करतो' म्हणून पैसे मागत असेल तर पदर घट्ट धरून ठेवा.

मुंबईचा निकाल एकटा पडला नाही. जपानमध्ये याच तीन औषधांची अशीच चाचणी ३४५ पेशंटवर झाली. तिथेही आजार थोपून राहण्याचा काळ सुमारे १२ महिन्यांवरून सुमारे २१ महिन्यांवर गेला. दोन देशांत, वेगवेगळ्या डॉक्टरांनी केलं आणि निकाल एकाच दिशेचा आला, तेव्हा विश्वास वाढतो.

त्यानंतर ओसिमर्टिनिब ही नव्या पिढीची गोळी पुढे आली. ती नुसती द्यावी की केमोबरोबर, याची चाचणी अनेक देशांतल्या ५५७ पेशंटवर झाली. २०२३ चा निकाल असा, की नुसत्या गोळीवर आजार १६.७ महिने थांबला, जोडीवर २५.५ महिने. २०२५ साली आयुष्याचे आकडेही आले, ३७.६ महिन्यांच्या जागी ४७.५ महिने. म्हणजे जवळजवळ चार वर्षं. जाऊबाईंच्या वेळी हे आकडे कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. पण ही गोळी महाग आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने तिच्यावरचं आयात शुल्क माफ केलं, तरी धानावर जगणाऱ्या घराला ती सहज परवडेल असं नाही. म्हणून जुन्या, स्वस्त औषधांचीच नीट जोडणी करून पाहणारी मुंबईची चाचणी मला आपली वाटते. मोठ्या कंपन्या नव्या औषधांच्या मागे असतात. जुन्या औषधातून गरिबाला आणखी काय मिळेल, हे शोधायला आपल्याच इस्पितळांना पुढे यावं लागतं.

आणि काही चाचण्या मध्येच थांबवाव्या लागतात. याच ओसिमर्टिनिबला डुर्वालुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाची जोड देऊन पाहिली, तर बऱ्याच पेशंटच्या फुप्फुसाला सूज येऊ लागली. ती जोडी तिथेच थांबवली. दोन चांगली औषधं एकत्र आली की घातकही ठरू शकतात. म्हणून तर तपासून पाहावं लागतं. न तपासता दिलं असतं तर त्या सुजेला आपण 'आजार वाढला' म्हणून मोकळे झालो असतो.

आता माझ्या त्या 'उंदीर' शब्दाकडे येते. माझी भीती अगदीच निराधार नव्हती. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीचा अभ्यास झाला, त्यात आदिवासी मुलींच्या आई-बापांना नीट विचारलंच नव्हतं. वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्याचं पुढे आलं. २०१० साली तो अभ्यास थांबवावा लागला आणि २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. अशा गोष्टी कानावर आलेल्या असतात, म्हणून आपण 'चाचणी' म्हटलं की दोन पावलं मागे सरतो.

पण त्यातूनच कायदाही कडक झाला. २००९ पासून प्रत्येक औषध चाचणीची सरकारी नोंदणी सक्तीची आहे. २०१९ साली नवे नियम आले. त्यांनुसार संमतीचा कागद पेशंटला समजेल अशा भाषेत हवा. वाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर वाचून दाखवायला हवा. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं आणि बाहेर पडलं म्हणून उपचार बंद होत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर औषधपाणी फुकट आणि नुकसानभरपाईही. चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात जण लागतात, त्यात एक तरी बाई हवी आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा एक सामान्य माणूसही हवा. नियम कागदावर आहेत, ते पाळून घ्यायला विचारणारं कोणीतरी लागतं, ही गोष्ट खरीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सही पेशंटची लागते. पेशंट शुद्धीवर आहे, समजतंय, तर नवऱ्याची सही चालत नाही, मुलाची नाही, आणि शिकलेल्या जावेचीही नाही.

इथेच आपली खरी गोची आहे. आजारी बाईला तिचा आजार सांगायचा नाही ही आपल्याकडची रीत. म्हणे ती खचेल. पण ज्या बाईने सासऱ्याचं आजारपण काढलं, दोन बाळंतपणं घरी झाली, दुष्काळात घर चालवलं, ती आजाराचं नाव ऐकून खचेल? खरं तर खचतो आपण. आणि तिला न सांगण्यात आणखी एक सोय असते, जी आपण मोठ्याने बोलत नाही. बाईच्या आजारपणाला घरात रांगेत शेवटचा नंबर असतो. आधी धान विकून होऊ दे, मग पाहू. तिला कळलंच नाही तर ती मागणारही नाही.

मागच्या वर्षी आमच्या बचत गटातल्या एका बाईला तेच निदान झालं. वय पन्नाशीचं, खोकला टीबीचा नव्हता हे या वेळी लवकर कळलं. जनुकाची तपासणी झाली, बदल सापडला. नागपूरला जाताना मी सोबत होते. मुलगा म्हणाला, ''काकू, आईले बाहेर बसवू.'' मी म्हटलं, ''ती आत येईल. आपण दोघं हवं तर बाहेर बसू.'' डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी तिलाच सांगितलं, नुसती गोळी घेतली तर काय, केमोची जोड दिली तर काय, किती महिने, काय त्रास. मुंबईच्या चाचणीचे आकडे सोप्या भाषेत सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारलं, ''सलाईन घेतली तर रोवणीले जाता येईल का?''

डॉक्टर म्हणाले, सुरुवातीचे महिने कठीण जातील. सुरुवातीलाच एकत्र दिल्याचा जो फायदा आहे तो नंतर जोड देऊन तसाच मिळेल असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. तिने दोन दिवस मागितले. तीन-तीन आठवड्यांनी सिहोऱ्याहून तुमसर, तुमसरहून नागपूर. सोबतच्या माणसाची मजुरी बुडणार. घरी ओकाऱ्या आणि पडून राहणं. तिने सगळा हिशेब मांडला आणि नुसती गोळी घ्यायचं ठरवलं.

खरं सांगते, मला ते पटलं नव्हतं. आकडे माझ्या डोक्यात होते, आठ आणि सोळा. मी तिला पुन्हा एकदा समजावायला गेले. ती म्हणाली, ''समजलं मले, बाई. जास्त महिने आहेत हे समजलं. पण ते महिने खाटेवर काढायचे का बांधीत, हे मले ठरवू दे.'' मग मी गप्प बसले. तिने निर्णय घेतला तो माहीत असून घेतला. तिच्या जागी दुसरी असती तर तिने सलाईन निवडली असती आणि तेही बरोबरच ठरलं असतं. जाऊबाईंनी काय निवडलं असतं, हे मला कधीच कळणार नाही. त्यांनी चाचणीला हो म्हटलं असतं तरी चिठ्ठी कोणती निघाली असती कोण जाणे. आयुष्य वाढलं असतंच असं मी म्हणत नाही. पण विचारायचं आम्ही राहिलो, ते राहिलंच.

म्हणून मैत्रिणींनो, दोन-चार गोष्टी वहीत लिहून ठेवा. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर थुंकी तपासा. टीबीच्या गोळ्या चालू असूनही उतार नसेल, वजन घटत असेल, थुंकीतून रक्त येत असेल तर 'पुढची तपासणी करा' असं डॉक्टरांना म्हणा. फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालंच, तर जनुकाची तपासणी झाली का, हा पहिला प्रश्न विचारा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे इस्पितळातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि डॉक्टरांनी चाचणीबद्दल सांगितलं तर लगेच हो म्हणू नका, माझ्यासारखं लगेच नाहीही म्हणू नका. कागद घरी आणा, वाचा. नेहमीचा उपचार काय आहे, चाचणीत वेगळं काय देणार, त्रास झाला तर कोणाला फोन करायचा, खर्च कोणाचा, हे विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

पण हे सगळे प्रश्न आजारी बाईला बाहेर बाकड्यावर बसवून विचारू नका. तिला आत न्या, तिच्यासाठी खुर्ची ओढा, आणि डॉक्टरांना सांगा, पेशंट ही आहे, हिच्याशी बोला.